दोन वाजताचा ट्रे

परस्परांवरचा विश्वास हा कोणत्याही उत्तम टीमचा पाया असतो. हे वाक्य मी अनेक प्रशिक्षणवर्गांत ऐकलं आहे, वहीत उतरवून घेतलं आहे आणि एकदा नाइलाजाने स्वतः व्यासपीठावरून म्हटलंही आहे. मी ज्या सर्वांत उत्तम टीमबरोबर काम केलं, तिच्यातली दोन मुख्य माणसं चौदा वर्षं एकमेकांशी बोललेली नव्हती, आणि एकमेकांच्या कामावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी डिप्लोमा संपवून सांगलीहून बंगळूरला आले आणि यशवंतपूरच्या बाजूला एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागले. कारखान्यात प्रेशर गेज बनत. बॉयलरवर, कॉम्प्रेसरवर जी गोल तबकडी असते आणि आत किती दाब आहे ते तिच्यावरचा काटा दाखवतो, ते गेज. आत एक वाकवलेली पितळी नळी असते. दाब वाढला की ती किंचित सरळ होऊ पाहते, तेवढ्या हालचालीवर दातेरी चकती फिरते आणि काटा सरकतो. काट्याला ढिलेपणा येऊ नये म्हणून केसासारखी बारीक एक स्प्रिंग असते, तिला हेअरस्प्रिंग म्हणतात. सगळं यंत्र तळहातावर मावतं. त्याने खोटं सांगितलं तर बॉयलरजवळ उभ्या असलेल्या माणसाला ते खरंच वाटतं, एवढाच त्यातला धोका.

माझ्याकडे जुळणी विभाग होता. दहा माणसं, पाच-पाचांच्या दोन पाळ्या. सकाळची सहा ते दोन, दुपारची दोन ते दहा. एका पाळीचा म्होरक्या बेळगावकडचा, पन्नाशी ओलांडलेला, घरात मराठी आणि बाहेर कन्नड बोलणारा. त्याला सगळे मामा म्हणत. दुसऱ्या पाळीचा तुमकूरकडचा, मामांहून सहा-सात वर्षांनी लहान. तो सगळ्यांचा अण्णा. दर आठवड्याला पाळ्या बदलत. त्यामुळे दोघांची गाठ दिवसातून एकदाच पडे, दुपारी दोनला, जेमतेम वीस मिनिटं. ती वीस मिनिटं आमच्या विभागाचा प्राण होती.

भांडणाचं मूळ मला दोघांनीही सांगितलं, वेगवेगळं, आणि दोन्ही हकिकती जुळल्या. चौदा वर्षांपूर्वी मामांनी फोरमनसमोर अण्णाने बसवलेला काटा उपटून काढला आणि म्हणाले, असं काम आमच्याकडं शिकाऊ करतात. अण्णाने दुसऱ्या दिवशी मामांचा सगळा ट्रे उघडला, संध्याकाळपर्यंत शोधून एक ढिला स्क्रू काढला आणि तो फोरमनच्या टेबलावर ठेवला. त्यानंतर बोलणं बंद झालं आणि तपासणी सुरू झाली.

त्या तपासणीची पुढे रीत पडली. सकाळची पाळी संपताना शेवटचा ट्रे, म्हणजे बारा गेज, काच न लावता उघडा ठेवायचा. येणाऱ्याने तो तपासायचा. चूक सापडली तर वहीत लिहायची. जाणाऱ्याने ते वाचून सही केल्याशिवाय घरी जायचं नाही. चूक सापडलीच नाही तर ‘काही नाही’ असं लिहायचं. हे दोन शब्द लिहिताना दोघांच्याही चेहऱ्यावर दाढ काढल्यासारखे भाव येत. मामा तर पेन उचलण्याआधी परत एकदा बाराही गेज बघत. ज्या दिवशी मामांना ‘काही नाही’ लिहावं लागे, त्या दिवशी अण्णा कारखान्यासमोरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या छोट्या हॉटेलात, अख्खी कॉफी पीत असे. एरवी तो कुणाबरोबर तरी बाय-टू घेई, एक कॉफी दोन पेल्यांत.

मामा मराठीत लिहीत, कारण शाळा मराठीत झाली होती. अण्णा कन्नडमध्ये लिही. अण्णाला देवनागरी लिपी शाळेतल्या हिंदीमुळे येत होती, पण मराठी तो शिकला ती निव्वळ आपल्यावर काय ठपका आला आहे हे कळावं म्हणून. मामांना कन्नड बोलता येई, वाचता येत नसे. त्यांनी राजाजीनगरातल्या शेजाऱ्याच्या मुलीच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं गिरवली. मी रुजू झाले तोवर दोघंही एकमेकांची भाषा अस्खलित वाचत होते. भाषिक सलोख्यासाठी सरकार काय काय करतं ते मी वाचत असते. एकमेकांच्या चुका शोधायला लावणं हा उपाय अजून कुणाला सुचलेला दिसत नाही.

पहिल्या महिन्यात मी वही चाळली आणि मामांना म्हटलं, “मामा, यात ‘डोळे कुठं होते’ असं लिहिलंय. हे तांत्रिक नाही.”

“बघा की अक्का, डायल तिरकी बसवलीया,” मामा म्हणाले. “डोळं असतं तर बसवली असती व्हय?”

अण्णाकडे गेले तर तो म्हणाला, “मेडम, त्याने ते लिहिलं ते बरोबर. डायल तिरकी होतीच. स्वल्प.” मग म्हणाला, “पण डोळ्यांचं काढायला नको होतं. परवा त्याचा चष्मा बदललाय, तेव्हा मी काही लिहिलं नाही.”

मग मी तो विषय सोडला.

हाताखालची माणसंही या रीतीत तयार झाली. नवा आलेला पहिले दोन आठवडे हिरमुसलेला असे, कारण रोज दोन वाजता कुणीतरी त्याच्या कामात काहीतरी काढे. तिसऱ्या आठवड्यात तो स्वतः दुसऱ्याच्या कामात काढू लागे आणि त्याचा मूड सुधारे. चूक लपवण्यात अर्थच नव्हता. ती दोन वाजता सापडणारच होती, मग आपणच आधी सांगितलेली बरी. त्यामुळे आमच्याकडे माणसं चुका अशा सहज सांगत, जशा इतर विभागांत तब्येतीच्या तक्रारी सांगतात. गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या मालासाठी प्रत्येक विभागाला एक लाकडी पेटी दिलेली होती. आमच्या पेटीत लोक छत्र्या ठेवत.

मला या विभागाचा अभिमान होता, आणि तो मी लपवत नसे. इतर सुपरवायझर जेवताना आपापल्या माणसांच्या तक्रारी सांगत, तेव्हा मी ताकाचा पेला तोंडाला लावून गप्प बसे. अशा वेळी गप्प बसणं ही बढाईच असते, हे त्यांनाही कळत होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कंपनीने महादेवपुऱ्याला दुसरा कारखाना काढला आणि त्याच सुमारास मुंबईहून एक नवे पर्सोनेल ऑफिसर आले. माणूस वाईट नव्हता. तरुण, उत्साही, ओव्हरहेड प्रोजेक्टरवर फार प्रेम असलेला. त्यांनी सगळ्या विभागांसाठी टीम बांधणीचा एक दिवसाचा वर्ग ठेवला. सकाळी पारदर्शक कागदांवरचे त्रिकोण आणि बाण झाले. दुपारी कँटीनमागच्या बागेत खेळ. जोड्या करायच्या, एकाच्या डोळ्यांवर पट्टी, दुसऱ्याने त्याला झाडं, कुंड्या, पाण्याची टाकी चुकवत पलीकडे न्यायचं. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. मामांच्या चिठ्ठीत अण्णा निघाला.

माझ्या विभागातले आठहीजण एकदम आपापल्या चपलांकडे बघू लागले.

पट्टी अण्णाच्या डोळ्यांवर बांधली गेली. इतर जोड्यांत आरडाओरडा सुरू झाला, डावीकडे, उजवीकडे, थांब, अरे थांब. एक जोडी टाकीवर आदळली. मामांनी खिशातून एक पाना काढला आणि चालताना वाटेतल्या कुंड्यांवर, झाडांवर, टाकीवर तो वाजवू लागले. टक् कुंडी, ठक् झाड, टण् टाकी. तोंडातून शब्द नाही. अण्णाने प्रत्येक आवाज ऐकला, आणि त्यावर जराही भरवसा न ठेवता प्रत्येक पाऊल आधी चाचपून मग टाकलं. दोघं सगळ्यांत आधी पलीकडे पोचले, कुठेही न धडकता.

ऑफिसर आनंदले. “देखा? इसे कहते हैं ट्रस्ट,” ते सगळ्यांना म्हणाले, आणि दोघांना पुढे बोलावून अनुभव सांगायला सांगितलं.

मामा माझ्याकडे वळले. “अक्का, त्येला सांगा, टाकीपाशी मी दोनदा वाजवलं तरी थांबून ऱ्हायला. उगंच येळ घालवला.”

अण्णाही माझ्याकडे वळला. “मेडम, त्याला सांगा, शेवटची कुंडी त्याने वाजवलीच नाही. पायाने मला शोधावी लागली.”

ऑफिसरांनी माझ्याकडे पाहिलं. “ये दोनों आपस में बात नहीं करते?”

“करतात सर,” मी म्हटलं. “लिहून.”

हा विनोद करायला नको होता. आठ दिवसांनी कागद आला. जुळणी विभागात ‘संवादाचा गंभीर अभाव’ असल्यामुळे दोन वरिष्ठ कामगारांना वेगळं करण्यात येत आहे. मामांची महादेवपुऱ्याला बदली. पहिला आठवडा तिथे ओळखीसाठी जायचं, मग पुढच्या महिन्यापासून कायम.

मामा राजाजीनगरहून सायकलवर येत. महादेवपुरा शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून, पहाटे साडेचारला घर सोडावं लागणार. निवृत्तीला चार वर्षं होती. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. “आठवडाभर जाऊन येतो,” ते म्हणाले. “मग राजीनामा देतो की. ह्या वयात बशीत उभारून कामाला जायचं काय बोलणं हाय?”

“मी बोलते वर,” मी म्हटलं.

“बोला. पर माझ्यासाठी हात जोडू नका.”

मी वर्क्स मॅनेजरांशी बोलले. ते मद्रासचे, शांत गृहस्थ. मी वह्या नेल्या होत्या. त्यांनी दोन पानं उलटली, दोन्ही लिपी त्यांना वाचता येत नव्हत्या, आणि ते म्हणाले की माझ्या भावना त्यांना समजतात. वरिष्ठांना आपल्या भावना समजल्या की काम झालेलं नाही हे ओळखायला मी तोवर शिकले होते.

अण्णाशी मी या विषयावर बोलले नाही. खरं तर त्याला सुटल्यासारखं वाटेल अशी माझी कल्पना होती. चौदा वर्षांचं ओझं, आपोआप उतरत होतं. कागद लागला त्या दिवशी त्याने तो सूचनाफलकावर दोनदा वाचला, “सरी,” म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाला, आणि कामाला लागला.

मामा महादेवपुऱ्याला गेले त्या आठवड्यात अण्णाची सकाळची पाळी होती. दुपारी दोनला ट्रे तपासायला शेजारच्या विभागातले एक जुने कारागीर आले होते. अतिशय सज्जन, मृदू बोलणारे, अण्णाबद्दल आदर असलेले. ऑफिसरांनी मुद्दाम निवडलेले. ते ट्रे बघत, दोन गेज टेस्टिंगच्या यंत्रावर लावून दाब चढवत, काटा बरोबर येतो हे पाहत आणि लिहीत, ‘ठीक’. मग अण्णाला म्हणत, “तुमचं काम, त्यात काय बघायचं.” विभागात गोड शांतता होती. ऑफिसर बुधवारी येऊन ती बघूनही गेले.

शनिवारी दुपारी अण्णाने मला विचारलं, वर्क्स मॅनेजरांना भेटायचं आहे, तुम्ही याल का. पर्सोनेलवाले साहेबही तिथे असावेत. मॅनेजरांना कन्नड येतं, पण मुंबईच्या साहेबांना हिंदीत सांगायला कुणी हवं.

अण्णा आला तो हातात ट्रे घेऊन. ट्रेमध्ये सहा गेज होते. त्याने ते मॅनेजरांच्या टेबलावर एका ओळीत ठेवले.

“सोमवार ते शनिवार,” तो म्हणाला. “रोज एक. हेअरस्प्रिंगला एक फेरा पीळ कमी दिलाय. मुद्दाम.”

मी ते हिंदीत सांगितलं. ऑफिसरांचा चेहरा बदलला. “जान-बूझकर?”

“दाब चढवताना काटा बरोबर येतो,” अण्णा म्हणाला. “उतरवताना मागे रेंगाळतो. चढवून-उतरवून बघितलं तरच कळतं. सहाही पास झाले. वहीत सही आहे. माल बाहेर गेलेला नाही, सहाही मी कपाटात ठेवले होते.”

मॅनेजरांनी एक गेज उचललं, फिरवून बघितलं. ते स्वतः वीस वर्षांपूर्वी टेस्टिंगवर होते. “आणि त्याने बघितलं असतं?”

“त्याने सोमवारीच पकडलं असतं. वहीत लिहिलं असतं, वर दोन ओळी जास्त.” अण्णाचा आवाज जरा चढला. “मी चौदा वर्षांत मुद्दाम वाईट काम केलेलं नाही, सर. या आठवड्यात सहा वेळा केलं. रोज वाटायचं, आज तरी हा काढेल. हा चांगला माणूस आहे, माझा मान ठेवतो. मान ठेवणारा माणूस ट्रे उघडून बघत नाही.”

मग ऑफिसरांनी विचारलं, आणि खरोखरच समजून घ्यायच्या इच्छेने विचारलं, “तो फिर आपका उन पर भरोसा है?”

मी कन्नडमध्ये विचारलं. अण्णाने प्रामाणिकपणे विचार केला.

“नाही,” तो म्हणाला. “कसा असेल? तोही माझ्यावर ठेवत नाही.”

मी त्याचं भाषांतर केलं. ऑफिसर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असावं की मी मधलं काहीतरी गाळलं. मॅनेजरांना मात्र कळलं होतं. त्यांनी हातातलं गेज परत ओळीत ठेवलं, बदलीचा कागद मागवला आणि त्यावर तिरकी रेघ मारून सही केली. बाहेर पडताना अण्णा मला म्हणाला, “त्याला यातलं काही सांगू नका, मेडम.” मी कबूल केलं. कारखान्यात ती बातमी गेटपर्यंत आमच्या आधी पोचली होती.

त्या सज्जन कारागिरांना कुणी दोष दिला नाही. अण्णानेच तशी अट घातली होती. त्यांनी नंतर मला विचारलं, चढवून-उतरवून कसं बघतात ते दाखवाल का. मी त्यांना दोन वाजता यायला सांगितलं.

सोमवारी मामा आले. नेहमीसारखी सायकल लावली, डबा ठेवला, माझ्याकडे बघून मान हलवली. राजीनाम्याचा कागद त्यांनी लिहून आणला होता. तो त्यांनी माझ्यासमोर फाडून तेल पुसायच्या चिंध्यांच्या डब्यात टाकला. ते आठवडाभर नव्हते म्हणून पाळ्या बदलल्या नव्हत्या, त्यांची दुपारचीच पाळी होती. दोन वाजता ते अण्णाच्या बाकापाशी आले. बारा गेजांचा ट्रे तयार होता, आणि कुणी सांगितलं नसताना अण्णाने त्याच्या शेजारी ते सहाही ठेवले होते.

बाकीची आठही माणसं काहीतरी काम काढून आसपास रेंगाळत होती. मीही एक फाइल शोधत होते.

मामांनी आधी बारा तपासले. मग सहा. एकेक यंत्रावर लावलं, दाब चढवला, उतरवला, काट्याकडे चष्म्याच्या वरून आणि खालून पाहिलं. अर्धा तास गेला. अण्णा हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभा होता. मामांनी वही ओढली आणि लिहायला बसले. मी ती नोंद नंतर वाचली. पहिली ओळ होती, ‘बारांत काही नाही.’ त्याखाली लिहिलं होतं, ‘सहांतल्या तिसऱ्यात पीळ एक फेरा नाही, अर्धाच कमी आहे. चूक मुद्दाम करायची असली तरी ती सारखी करावी. हाताला सवय नाही असं दिसतं.’

अण्णाने वाचलं. शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली. तिसरं गेज उचलून दिव्याकडे धरलं, परत ठेवलं आणि म्हणाला, कुणालाही उद्देशून नाही, “अर्धाच आहे. सरी.” त्याने सही केली आणि तो घरी गेला. जाताना दर्शिनीत थांबला की नाही हे बघायला मी गेटपर्यंत गेले होते. अख्खी कॉफी.

पुढची चार वर्षं दोघांनी त्याच बाकांवर काम केलं आणि मामा त्याच कारखान्यातून निवृत्त झाले. तोवर मी बरीच माणसं हाताखाली घेतली आणि नंतर बऱ्याच मोठ्या इमारतींत काम केलं, जिथे लोक एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत आणि वाढदिवसाला केक कापत. त्यांतली कुठलीही टीम मी त्या दहा जणांच्या शेजारी ठेवणार नाही. कुणी माझं काम उघडून, उजेडात धरून, चढवून-उतरवून बघावं असं मला आजही वाटतं, आणि असा माणूस मिळणं किती दुर्मिळ आहे ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

ऑफिसरांनीही एका अर्थी धडा घेतला. त्याच वर्षी त्यांनी सर्वोत्तम टीमसाठी एक फिरती ढाल सुरू केली आणि प्रत्येक सुपरवायझरला फॉर्म दिला. त्यात पहिलाच प्रश्न होता: विभागातील सर्व सदस्य परस्परांशी मोकळेपणाने बोलतात काय? मी खरं तेच लिहिलं. ढाल आवक-जावक विभागाला मिळाली. तिथे एकच माणूस होता.